जुनी विद्युत भट्टी: पहिल्या तपासणीपासून एलिमेंट बदलण्यापर्यंत

वापरलेली विद्युत भट्टी घरी आली की त्याच आठवड्यात भांडी रचून ती पेटवावी, असे कोणालाही वाटते. तो मोह आवरावा. कुंभाराच्या आव्यात गोवऱ्या, लाकूड आणि वारा यांवर सगळे चालते आणि जाळ कमी पडला तर तो डोळ्यांना दिसतो. विजेच्या भट्टीत उष्णता एलिमेंट नावाच्या तारेतून येते. ती तार झिजली आहे, एखादा सांधा सैल झाला आहे की मुळात विजेचा दाबच कमी आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही. ते आकड्यांवरून कळते. म्हणून जुन्या भट्टीसोबत सर्वांत आधी एक जाड वही घ्यावी आणि भट्टी ठीक चालत असतानाचे तिचे आकडे त्या वहीत उतरवून ठेवावेत. भट्टी बिघडल्यावर तुलना करायला हेच आकडे हाताशी असतात.

माझी भट्टी समोरून दार असलेली, तीन फेजची, ९ किलोवॅटची आहे. एक स्टुडिओ बंद होत असताना मी ती घेतली. खालचे सगळे आकडे तिच्या हिशेबाने दिले आहेत. आपल्या भट्टीवरची माहितीपट्टी वाचून ते बदलून घ्यावेत.

वीज जोडण्यापूर्वी

भट्टीची वीज फक्त तिच्या बटणावर बंद करून भागत नाही. मुख्य आयसोलेटर, म्हणजे भट्टीची वीज पूर्ण तोडणारा स्विच, खाली ओढून तो कोणी चुकून चालू करणार नाही अशी व्यवस्था करावी आणि टेस्टरने खात्री झाल्यावरच आत हात घालावा. हा नियम पुढच्या प्रत्येक कामाला लागू आहे.

दार उघडून प्रथम आतल्या भिंती पाहाव्यात. हलक्या इन्सुलेशन विटांना केसाएवढ्या भेगा असणे स्वाभाविक आहे. वीट तापताना प्रसरण पावते, निवताना आक्रसते आणि कोठेतरी तडकते. विटेतल्या खाचेचा ओठ तुटून कॉइल (एलिमेंटच्या तारेचे वेटोळे) बाहेर लोंबत असेल, तर मात्र ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. खाचांमध्ये विटेचा भुगा, जुन्या शेल्फवरून उडालेले पापुद्रे आणि ग्लेझचे (झिलईचे) थेंब साचलेले असतात. व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून ते काढावेत. कॉइलवर जोर देऊ नये, ती बोटाने सरळ करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. या तारा बहुधा कांथल जातीच्या, म्हणजे लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूच्या असतात. पहिल्या तापण्यातच त्यांच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची पातळ साय धरते. ती आतल्या धातूचे रक्षण करते, पण उच्च तापमानात राहून राहून तारेचा पोत भरड होतो आणि थंड असताना ती काचेसारखी कटकन मोडते.

दाराभोवतीची दोरी आणि मागच्या झाकणाखालचे पांढुरके पत्रे जुन्या भट्टीत ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. शंका असेल तर ते खरवडू नयेत, झटकू नयेत आणि त्यांच्यावर व्हॅक्यूमही फिरवू नये. असे साहित्य काढण्याचे काम जाणकाराकडून करून घ्यावे आणि जागी सिरॅमिक फायबरची दोरी बसवावी. ती हाताळतानाही चांगला मास्क आणि हातमोजे हवेतच.

आता मागचे झाकण उघडावे. येथे एलिमेंटची टोके विटेतून बाहेर येऊन टर्मिनलला जोडलेली असतात, आणि माझ्या अनुभवात जुन्या भट्टीचे निम्मे दुखणे याच जागी असते. माझ्या भट्टीत तिसऱ्या फेजच्या टर्मिनलचा नट बोटाने फिरत होता. त्याखालचा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) निळसर-काळा पडला होता, वायरचे आवरण दोन इंचांपर्यंत कडक होऊन बिस्किटासारखे तुटत होते आणि जवळ नाक नेले की जळक्या प्लास्टिकचा शिळा वास येत होता. सैल सांध्याला उष्णता धरते, उष्णतेने सांधा आणखी सैल होतो आणि हे चक्र वायर जळेपर्यंत चालते. असा लग घासून परत वापरू नये. वायर निरोगी तांब्यापर्यंत कापून नवा लग दाबून बसवावा, नट-बोल्ट बदलावेत आणि त्या भागात उष्णता सोसणारी, फायबरग्लासचे आवरण असलेली वायरच वापरावी.

वीजजोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. तीन गोष्टी मात्र आपण स्वतः विचाराव्यात: महावितरणकडून मंजूर झालेला भार पुरेसा आहे का, भट्टीचा लोखंडी सांगाडा स्वतंत्र अर्थिंगला जोडला आहे का, आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवला आहे का. ९ किलोवॅट तीन फेजवर वाटले तर प्रत्येक फेजला सुमारे १३ अँपिअर लागतात. भट्टी भिंतीपासून किमान दीड फूट दूर असावी आणि तिच्या डोक्यावर लाकडी फळी किंवा पडदा नसावा.

रोध मोजणे आणि ओल काढणे

वीज बंद असतानाच मल्टिमीटरने प्रत्येक फेजच्या एलिमेंटचा रोध मोजावा. गणित साधे आहे: विद्युतदाबाचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर ३ किलोवॅटच्या फेजचा रोध १७.६ ओहम यायला हवा. माझ्याकडे प्रत्येक फेजमध्ये दोन कॉइल एकापाठोपाठ जोडलेल्या आहेत, म्हणून एकेक कॉइल ८.८ ओहमची. मोजण्यापूर्वी मीटरच्या दोन्ही सळ्या एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करावा. इतक्या लहान रोधात तो फरक चुकवून चालत नाही. तार झिजत जाते तसा रोध वाढतो. तो मूळ आकड्यापेक्षा १० टक्क्यांनी वाढला, म्हणजे येथे १९.४ ओहमच्या आसपास गेला, की शक्तीही जवळजवळ तेवढीच घटते आणि एलिमेंट बदलण्याची तयारी करावी. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल कोठेतरी तुटलेली आहे.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर बंद राहिलेली भट्टी सप्टेंबरात चालू केली की आरसीसीबी लगेच पडतो, हे बहुतेकांच्या वाट्याला येते. विटा स्पंजासारख्या असतात. त्यांनी ओढून घेतलेल्या ओलाव्यातून थोडा प्रवाह सांगाड्याकडे गळतो. अशा वेळी आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात मानू नये. दार उघडून आत साधा हीटर किंवा १०० वॅटचे दोन पिवळे दिवे एक-दोन दिवस ठेवावेत, मग वायरमनकडून मेगरने (वीजगळती तपासण्याच्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्यावे. त्यानंतर पहिली फायरिंग (भाजणी) अतिशय संथ, ताशी ४०-५० अंशांनी, दार बोटभर उघडे ठेवून १२० अंशांपर्यंत न्यावी. दाराला सुरक्षा स्विच असेल आणि त्यामुळे भट्टी उघड्या दाराने चालत नसेल, तर स्विचला बगल न देता बघण्याच्या भोकाचे बूच काढून ठेवावे.

रिकामी फायरिंग

ओल गेल्यावर भट्टी रिकामी, फक्त शेल्फ आणि कोन ठेवून, १००० अंशांपर्यंत चालवावी. कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे छोटे सुळके. जर्मनीत हेर्मान सेगर यांनी १८८६ मध्ये ते प्रचारात आणले आणि अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ मध्ये त्यांचे उत्पादन सुरू केले. आपल्याकडे ऑर्टनचेच कोन जास्त वापरले जातात. कोन केवळ तापमान दाखवत नाही, तापमान आणि वेळ या दोहोंचा मातीवर झालेला एकत्रित परिणाम दाखवतो. म्हणून पायरोमीटर (भट्टीचे तापमान दाखवणारे मीटर) आणि कोन यांत वाद झाला तर कोनाचे ऐकावे. क्रमांकातले शून्य मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे: कोन ०६ सुमारे १००० अंशांना वाकतो, कोन ६ सुमारे १२२० अंशांना. या एका शून्यामुळे कमी तापमानाच्या मातीची भांडी शेल्फवर वितळून पसरल्याचे मी पाहिले आहे.

तीन कोन ठेवावेत: एक वर, एक मध्ये भोकासमोर, एक खाली दाराजवळ. भट्टी चालू झाल्यावर वायरमनच्या मदतीने प्रत्येक फेजचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजून त्या क्षणीच्या व्होल्टेजसह वहीत लिहावा. कांथलचा रोध तापल्यावर जेमतेम ४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे थंड आणि तापलेल्या भट्टीच्या प्रवाहात मोठा फरक पडत नाही. पडला तर काहीतरी चुकते आहे. सुरुवातीचे आणि शेवटचे वीजमीटरचे युनिटही टिपावेत. भट्टी म्हातारी होऊ लागली की तेच काम करायला ती जास्त युनिट खाते आणि हे आकडे पुष्कळ आधी इशारा देतात.

भांडी रचणे

शेल्फवर ॲल्युमिना हायड्रेट आणि केओलिन समभाग घेऊन पाण्यात कालवलेल्या किल्न वॉशचे (संरक्षक लेपाचे) दोन-तीन पातळ हात द्यावेत. खालच्या बाजूला वॉश लावू नये, तो सुटून खालच्या भांड्यांत पडतो. प्रत्येक शेल्फ तीन प्रॉपवर (आधाराच्या खुंट्यांवर) टेकवावे आणि एकावर एक येणारे प्रॉप सरळ रेषेत असावेत. शेल्फ, भांडे किंवा प्रॉप एलिमेंटपासून निदान एक इंच दूर राहावे. सिलिकॉन कार्बाइडच्या शेल्फमधून वीज वाहू शकते, म्हणून त्यांच्याबाबत हे अंतर अधिक काटेकोरपणे पाळावे. थर्मोकपलच्या, म्हणजे पायरोमीटरला जोडलेल्या तापमान मोजणाऱ्या तारांच्या, टोकाला काहीही टेकू देऊ नये.

बिस्कसाठीची, म्हणजे ग्लेझ देण्याआधीच्या पहिल्या भाजणीसाठीची, कच्ची भांडी एकमेकांना टेकली, एकात एक बसली तरी चालतात. ग्लेझ दिलेली भांडी मात्र एकमेकांपासून बोटभर अंतरावर असावीत आणि त्यांचे तळ ओल्या स्पंजने लख्ख पुसलेले असावेत. एलिमेंटवर पडलेला ग्लेझचा एक थेंब त्या जागी तार खाऊन टाकतो.

बिस्क आणि ग्लेझ

भांडे गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत ओल आहे. असे भांडे १०० अंशांना वाफेने फुटते आणि शेजारच्या चार भांड्यांना घेऊन जाते. जाड मूर्ती किंवा मोठे रांजण असतील तर भट्टी रात्रभर ८०-९० अंशांवर ठेवावी. नंतर ताशी ६०-८० अंशांनी ६०० पर्यंत जावे. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रेणूंत बांधलेले पाणी सुटते आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झचे रूप पालटून ते एकाएकी फुगते. या पट्ट्यात घाई केलेली भांडी तडकतात. ७०० ते ९०० अंशांमध्ये मातीतला सेंद्रिय अंश जळतो. तोवर भोकाचे बूच उघडे आणि खोलीच्या खिडक्या सताड उघड्या असाव्यात, कारण या काळात कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाचे वायू बाहेर येतात. झोपायच्या खोलीला लागून भट्टी ठेवू नये, हे त्याच कारणाने. ९०० नंतर बूच लावून कोन ०६ किंवा ०४ पर्यंत न्यावे.

ग्लेझ फायरिंग ६०० पर्यंत ताशी १०० अंशांनी, पुढे १५० अंशांनी न्यावी. शेवटचे १०० अंश मात्र ताशी ६० अंशांनीच चढवावेत, म्हणजे कोन खरे बोलतो आणि ग्लेझमधले बुडबुडे शांत होतात. भोकातून पाहताना वेल्डिंगची गडद काच डोळ्यांवर हवी, चेहरा भोकापासून हातभर मागे हवा. कोन अर्धवट वाकला की भट्टी सोडून कोठेही जाऊ नये. आपोआप बंद होणारी भट्टी असली तरी हाच नियम आहे, त्याचे कारण पुढे येते.

बंद केल्यावर १०० अंशांखाली येईपर्यंत दार उघडू नये. सुमारे २२५ अंशांच्या आसपास क्रिस्टोबलाइट हा सिलिकाचा प्रकार आक्रसतो आणि त्या वेळी आत शिरलेली थंड हवा ग्लेझला भेगा पाडते, कधी भांडेच दुभंगते. बाहेर काढलेल्या बिस्क भांड्यावर टिचकी मारून पाहावी. गोरोबाकाकांनी थापटीने संतांची डोकी ठोकून कच्चे मडके कोणते ते सांगितल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तीच परीक्षा येथे आहे. खणखणीत नाद आला तर भांडे पक्के, बद्द आवाज आला तर तडा किंवा कच्चेपणा.

बिघाड ओळखणे

भट्टी मुळीच तापत नसेल तर क्रमाने पाहावे: तिन्ही फेजना वीज येते आहे का, एमसीबी पडला आहे का, दाराचा सुरक्षा स्विच नीट दाबला जातो का, कंट्रोलरने हुकूम दिल्यावर कॉन्टॅक्टरचा (एलिमेंटची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) ‘खट्’ असा आवाज येतो का. दाराच्या बिजागरी झिजून दार अर्ध्या सेंटिमीटरने खाली बसले की स्विच दाबला जात नाही, आणि लोक तोवर कंट्रोलर उघडून बसलेले असतात.

भट्टी तापते पण ९०० किंवा ११०० अंशांवर अडून बसते, ही सर्वांत नेहमीची तक्रार. प्रथम प्रवाह मोजावा. एका फेजवर शून्य असेल तर त्या फेजची कॉइल तुटली आहे, लग सुटला आहे किंवा कॉन्टॅक्टरचा त्या फेजचा संपर्क जळला आहे. ज्या भट्टीत दोन कॉइल समांतर जोडलेल्या असतात, तिथे एक तुटली तर प्रवाह शून्य न होता निम्मा होतो. मीटर नसेल तर अंधारात भट्टी ६००-६५० अंशांना असताना भोकातून पाहावे. सगळ्या कॉइल मंद लाल आणि एक काळी, असे चित्र स्पष्ट दिसते. तिन्ही फेजवर प्रवाह सारखा पण कमी असेल तर दोनच शक्यता उरतात: एलिमेंट थकले आहेत किंवा विद्युतदाब कमी आहे. दाबाचा परिणाम आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो, कारण शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ऐवजी २०५ व्होल्ट मिळाले तर दाब ११ टक्क्यांनी उतरतो, पण शक्ती २० टक्क्यांनी. गावाकडे शेतीपंप चालू असताना किंवा शहरात संध्याकाळी सगळे दिवे-पंखे लागल्यावर हे घडते. मी ग्लेझ फायरिंग रात्री नऊला सुरू करते, म्हणजे शेवटचे कठीण तास पहाटे येतात आणि तेव्हा दाब २३५ पर्यंत असतो. भट्टी दुरुस्त करणाऱ्या एकाने मला तिन्ही फेजचे एलिमेंट बदलायला सांगितले होते. वहीतला रोध १७.९ ओहम होता, म्हणून मी थांबले, आणि वेळ बदलल्यावर तीच भट्टी कोन ६ पर्यंत बिनबोभाट गेली.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुंभारकलाप्रेमींना हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. तिथल्या घरांत २४० व्होल्ट मिळतात, शाळा आणि मोठ्या इमारतींत अनेकदा २०८. घरासाठी बनवलेली जुनी भट्टी २०८ व्होल्टवर लावली की तिची शक्ती तीन-चतुर्थांश उरते आणि ती वरच्या कोनापर्यंत पोचत नाही.

पायरोमीटर तापण्याबरोबर उलटा खाली जात असेल तर थर्मोकपलच्या दोन तारा उलट जोडल्या आहेत. आकडा एकदम कमाल मर्यादेला जाऊन चिकटला किंवा चूक झाल्याचा संकेत लुकलुकू लागला, तर थर्मोकपल तुटले आहे. के प्रकारचे थर्मोकपल १२०० अंशांच्या वर वारंवार नेले की ते हळूहळू चुकीचे बोलू लागते; म्हणून दर फायरिंगला कोन ठेवून फरक टिपावा आणि तो १५-२० अंशांच्या पुढे गेला की ते बदलावे. ते वाढवायला साधी तांब्याची वायर वापरू नये, त्याच प्रकारची कॉम्पेन्सेटिंग केबल वापरावी.

सर्वांत घातक बिघाड म्हणजे भट्टी बंदच न होणे. कॉन्टॅक्टरचे संपर्क ठिणग्यांनी खडबडीत होतात आणि एके दिवशी एकमेकांना वितळून चिकटतात. कंट्रोलर ‘बंद’ दाखवतो, भट्टी चढतच राहते. अशा वेळी हाताशी उपाय एकच, मुख्य आयसोलेटर खाली ओढणे, म्हणून त्याच्यासमोर कधीही गोण्या किंवा खोकी रचू नयेत. कॉन्टॅक्टर गुरगुरू लागला किंवा त्याचे आवरण पिवळे पडले की तो बदलून टाकावा. भट्टीभर भांड्यांपुढे त्याची किंमत काहीच नाही. शक्य असेल तर वेगळ्या थर्मोकपलवर चालणारा दुसरा कॉन्टॅक्टर बसवून घ्यावा.

फायरिंग चालू असताना वीज गेली तर दार बंदच ठेवावे. बिस्कला काही होत नाही. वीज आली की पुढे चालू करावे. ग्लेझच्या शेवटच्या टप्प्यात गेली तर निवू द्यावे आणि कोन पाहून पुन्हा फायरिंग करायची की नाही ते ठरवावे.

एलिमेंट बदलणे

एका फेजच्या दोन्ही कॉइल एकदमच बदलाव्यात, कारण नवी आणि थकलेली कॉइल एका ओळीत जोडली की त्यांच्यावर भार सारखा पडत नाही. भट्टी पूर्ण थंड, आयसोलेटर बंद. टर्मिनल सोडवावे, खिळ्यासारख्या पिना पक्कडीने ओढाव्यात आणि जुनी कॉइल तुकड्यातुकड्यांनी काढावी. ती अखंड निघण्याची अपेक्षा धरू नये. चष्मा घालावा, तुकडे उडतात. खाच व्हॅक्यूमने साफ करावी आणि ग्लेझ लागलेला विटेचा भाग चाकूने खरवडून काढावा, अन्यथा नवी तार त्याच जागी तुटेल.

नवी कॉइल खाचेच्या लांबीएवढी, सर्वत्र सारखी ताणावी. वेढे एकमेकांना चिकटलेले राहिले की तिथे जास्त उष्णता साचते. नवी कांथल थंड असतानाही वाकते, म्हणून कोपरे आताच नीट बसवावेत. कोपऱ्यात कॉइल विटेच्या खाचेत अगदी आतपर्यंत दाबून तिरकी पिन मारावी. पिन कॉइलच्या दोन वेढ्यांमधून जावी, तारेवर बसू नये. टोके पीळ दिलेल्या दुहेरी तारेची असावीत, म्हणजे विटेतून जाणारा भाग कमी तापतो. भट्टीचे सिमेंट कॉइलला लागू देऊ नये.

झाकण लावण्यापूर्वी नवा रोध मोजून तारखेसह वहीत लिहावा. मग रिकामी भट्टी दार बंद, बूच उघडे ठेवून ताशी १०० अंशांनी १०५० पर्यंत न्यावी आणि तिथे तासभर ठेवावी. याच फायरिंगमध्ये तारेवर ऑक्साइडची साय धरते, आणि तिला हवेतला प्राणवायू भरपूर हवा असतो. भुसा, कोळसा, कापूर असे काही जाळून रिडक्शनचा (प्राणवायू कमी असलेल्या आगीचा) परिणाम साधण्याचा प्रयोग विजेच्या भट्टीत कधीही करू नये. तो धूर ही साय खरवडून काढतो. भट्टी थंड झाल्यावर मागचे झाकण पुन्हा उघडावे आणि सगळे नट एकदा आवळावेत, कारण पहिल्या तापण्यानंतर ते हमखास सैल झालेले असतात.